आधी दावं, मग धाव

दोरीवर आपल्या लोकांचा फार विश्वास. बँकेतलं पाच रुपयांचं पेन सुतळीनं टेबलाला बांधलेलं असतं. पाणपोईवरचा पेला साखळीला असतो. रेल्वेत आपण आधी बॅगेला साखळी घालतो आणि मगच शेजाऱ्याला ‘कुठपर्यंत?’ म्हणून विचारतो. गरीब म्हणून जिची ख्याती, त्या गाईलासुद्धा दावं असतं. पण याच समाजातला एखादा सद्गृहस्थ पेट्रोलवर चालणारं सात-आठ किलोचं हौशी विमान घेऊन रविवारी सकाळी माळावर एकटा उभा राहतो, तेव्हा मात्र त्याला दोरीची आठवण होत नाही. तो म्हणतो, ‘‘मी धरतो ना!’’

माझं भांडण या तीन शब्दांशी आहे.

हौशी विमान म्हटलं की लोकांच्या डोळ्यांसमोर येतं ते जत्रेतलं, रबर पिळून सोडायचं विमान. मी म्हणतो ती जात निराळी. अमेरिकेत या छंदाचं प्रस्थ मोठं. तिथल्या ‘जायंट स्केल’वाल्या मंडळींनी पंखांची एकच जोडी असलेल्या विमानाला ‘मोठं’ म्हणायचं माप ठरवलं ते ८० इंचांचं, म्हणजे साडेसहा फुटांच्या वर. आमच्या दिवाणखान्यात ते ठेवायचं तर पाहुण्यांनी जिन्यात बसायला हवं. आपल्याकडे २०२१च्या ड्रोन नियमांनी छंदाच्या विमानांना २५ किलोंपर्यंत मुभा दिली आहे. एवढ्या वजनाच्या गव्हाच्या कट्ट्याला हात घालतानाही माणूस आधी कमरेचा सल्ला घेतो!

त्यात इंजिनाचं घराणं पाहा. सुरुवातीची अशी बरीच इंजिनं झाडं कापायच्या यांत्रिक करवतीवरून उचललेली. म्हणजे सून विमानाच्या घरात नांदायला आली, पण वळण माहेरचंच.

आता थोडं गणित. (घाबरू नका, पाढ्यांपलीकडे जाणार नाही.) ५० सीसीच्या इंजिनाला साधारण २२ इंचांचा प्रॉपेलर लागतो. तो नुसता गुरगुरत असला तरी मिनिटाला १,८०० फेरे धरा. दोन पाती, म्हणजे वाटेत आलेल्या बोटाची सेकंदाला ६० वेळा विचारपूस. पात्याच्या टोकाचा वेग तेव्हाच ताशी सुमारे १९० किलोमीटर होतो. इंजिन ६,००० फेऱ्यांवर गेलं की तोच ६३०च्या आसपास, आणि पाती दिसेनाशी होतात. ओढ तर अशी, की पुष्कळ विमानांत ती विमानाच्या स्वतःच्या वजनाहून जास्त असते. म्हणून तर ती नाक वर करून हवेत खुशाल लोंबकळतात.

आता एकट्या माणसाची अवस्था पाहा. प्रॉपेलर हातानं फिरवायचा, तर उभं राहायचं विमानाच्या नाकासमोर. आणि विमानाला जायचं असतं नेमकं पुढेच. गळ्यात ट्रान्समीटर. त्यावरची वेगाची दांडी अंगठ्यानं हलवायची असते. पण माणूस वाकला की ते काम त्याचं पोट करून टाकतं. मध्यम वयात पोट हा अकरावा अंगठाच. दांडी पुढे, इंजिन पूर्ण वेगात, गळ्यातला पट्टा प्रॉपेलरकडे लोंबतोय, आणि सद्गृहस्थ एका हातानं विमान ‘धरताहेत’!

यावर जाणकार म्हणतात, ‘‘अहो, एकट्यानं सुरू करूच नये. मदतनीस घ्यावा.’’ शिकलेला मदतनीस मिळाला तर त्याला साखर-पोहे देऊन न्यावं, याबद्दल वाद नाही. पण रविवारी सकाळी सहाला जो मिळतो, तो मेव्हणा असतो. तो शेपटी धरून बसतो आणि तेवढ्यात त्याचा मोबाइल वाजतो. दोरीला मोबाइल नसतो. ती चहा मागत नाही, तिला शिंक येत नाही, आणि ‘सोडू का?’ असं विचारता विचारता ती सोडूनही देत नाही.

दुसरे म्हणतात, ‘‘इतकी वर्षं काही झालं नाही.’’ हे वाक्य अपघात झालेला प्रत्येक माणूस आदल्या दिवशीपर्यंत म्हणतच होता.

तिसरे म्हणतात, बांधणं भित्रेपणाचं दिसतं. मग जुन्या काळातल्या खऱ्या विमानांचं काय? चाकांना अडसर, आत एक माणूस, प्रॉपेलरपाशी दुसरा, आणि ‘स्विच ऑफ’, ‘काँटॅक्ट’ अशी मोठ्यानं सवाल-जबाबी. ते वैमानिक काही भित्रे नव्हते. एकट्या माणसाला हे सगळे पार्ट स्वतःच करायचे असतात. निदान अडसराचा पार्ट तरी त्यानं खुंट्याला द्यावा!

रीत अवघड नाही. शेपटीमागे लोखंडी खुंटा खोल ठोकावा. मऊ पण दणकट दोर आडव्या शेपटीच्या पुढून धडाभोवती घ्यावा, म्हणजे विमान पुढे निघालं की तो शेपटीला दोन्ही बाजूंनी अडतो. विमान जो हिसका देणार, तो आपण आधी देऊन पाहावा. मग ट्रान्समीटर चालू, वेगाची दांडी अगदी खाली, आणि तो गळ्यातून काढून पडणार नाही असा बाजूला ठेवावा. इग्निशन बंद, चोक लावलेला, आणि मगच इंधन ओढायला प्रॉपेलरला हात. इग्निशन बंद असलं तरी तो जिवंत आहे असंच समजावं. मग इग्निशन चालू. हातात जाड चामडी मोजा, नाहीतर काठी. या काठीला इंग्रजीत ‘चिकन स्टिक’ म्हणतात, म्हणजे भित्र्याची काठी. म्हणोत बापडे, ती वापरणाऱ्याला दहापर्यंत बोटांवर मोजता येतं. इंजिन एकदा ‘फट्’ करून थांबलं की चोक काढून पुन्हा फिरवावं. सुरू झालं की प्रॉपेलरवरून हात न नेता पंखाच्या टोकाला वळसा घालून मागे यावं. पुढची सगळी खुडबुड मागूनच. बंद करायचं बटणही मागून हाताला यावं आणि ट्रान्समीटरवरूनही इंजिन बंद करता यावं. दोर सोडायचा तो शेपटीपाशी जाऊन, ट्रान्समीटर हातात घेऊन आणि इंजिन मंद असताना. शिवाय हाकेच्या अंतरावर कुणीतरी असावं. मेव्हणा चालेल. त्याचा मोबाइल तिथेच खरा उपयोगी.

या सगळ्याला पाच मिनिटं लागतात. ती वाचवून माणूस काय करतो? पाच मिनिटं आधी उडवतो! आणि पणाला लावतो ती बोटं. तबल्यावर ठेका धरणारी, लाडू वळणारी, नातवाला चालताना धरायला दिलेली. दुकानात त्यांचे सुटे भाग मिळत नाहीत.

हे विमान बांधायला तुम्ही सहा-सहा महिने रात्री जागवता. मग सुरू करण्याआधी ते आणखी एकदा बांधलं, तर काय बिघडलं?