वऱ्हाड हरवलं

परवा आमच्या कुलवृत्तांताचा डेटाबेस काकांच्या विंडोजवरून माझ्या लिनक्सवर आणला. माणसं सगळी आली, फोटो एकही नाही! प्रत्येक नोंदीत फोटोचा अख्खा पत्ता कोरलेला: सी ड्राइव्ह, उलट्या तिरक्या रेघा, फोल्डर. लिनक्समध्ये सी ड्राइव्ह कुठून येणार? धरमपेठेतलं घर सोडलं तरी पोस्टमनने तिथेच पत्रं टाकत राहावं, तसं हे.

पत्ते दुरुस्त केले, निम्मे फोटो उगवले. उरलेल्यांच्या नोंदीत 'जेपीजी' लहान अक्षरांत, फाइलीवर मोठ्या. विंडोजला एरवी दोन्ही सारखीच, लिनक्सला नाहीत. मायएसक्यूएलमध्ये टेबलांच्या नावांनाही हाच रोग आहे, कारण टेबलं शेवटी डिस्कवर फाइली म्हणूनच राहतात.

तरी एक फोटो सापडेना. दादाच्या लग्नातला, आजीचा शेवटचा. फाइलचं नाव 'वऱ्हाड'. (नागपूर वऱ्हाडात येत नाही, हे काका सांगतीलच. हे लग्नाचं वऱ्हाड.) आत्याच्या जुन्या मॅकवरून नेटवर्कने ओढून घेतलेला; नोंद मी हाताने टाइप केलेली. फोल्डरमध्ये दिसतोय, नोंदीत तेच नाव, आणि प्रोग्राम म्हणतो फाइलच नाही!

दोष 'ऱ'चा. युनिकोडमध्ये तो एकच अक्षर म्हणून लिहिता येतो, किंवा 'र' अधिक नुक्ता असाही. जुन्या मॅकची एचएफएस प्लस व्यवस्था नाव असं तोडून ठेवायची. डोळ्यांना फरक दिसत नाही. लिनक्स मात्र बाइट न् बाइट ताडून बघतं.

यावर एका जाणकार मित्राचा सल्ला: "काहून मराठीत नावं देतो बे, इंग्रजीत दे ना!" वा! मग ते 'जेपीजी' काय मोडीत होतं? इंग्रजी नावंही अडकलीच की. चूक मराठीची नाही, फाइलच्या नावालाच ओळख मानणाऱ्या प्रोग्रामची आहे. फोटो नोंदीच्या क्रमांकाने ठेवा, नाव वेगळ्या रकान्यात लिहा. पत्ता हवाच तर डेटाबेसच्या जागेपासूनचा द्या. आणि नावं ताडण्याआधी दोन्ही एका रूपात आणा. त्याचे नियम युनिकोडने केव्हाच देऊन ठेवलेत. क्रमांकांचं फोल्डर उघडलं की काही बोध होत नाही, ही अडचण खरी. पण ती सोसेन, आजी हरवण्यापेक्षा बरी.

आत्या, फोटो सापडलाय. आजीच्या शेजारी फेटा बांधलेले गृहस्थ कोण, तेवढं कळव. तो रकाना अजून रिकामा आहे.