वार्ताफलकावर सुरक्षेचाही हिशेब हवा

धुळे जिल्ह्यातील साक्री तालुक्यात राईनपाडा नावाचे छोटेसे गाव आहे. १ जुलै २०१८ रोजी, आठवडी बाजाराच्या दिवशी, भिक्षेसाठी आलेल्या नाथपंथी डवरी गोसावी समाजातील पाच जणांना तेथे जमावाने ठेचून मारले. मुले पळवणारी टोळी फिरत असल्याची एक अफवा मोबाइलवरून पसरली होती, एवढेच त्यांच्या मृत्यूचे कारण. त्यानंतर दोन वर्षेही उलटली नव्हती, तोच १६ एप्रिल २०२० रोजी पालघर जिल्ह्यातील गडचिंचले येथे दोन साधू आणि त्यांचा वाहनचालक अशाच जमावाला बळी पडले. तेथेही चोर आणि मुले पळवणारे आल्याचीच आवई होती. उभा महाराष्ट्र हळहळला. दोषींना कठोर शासन व्हावे ही मागणी सर्व थरांतून झाली आणि ती रास्तच होती. परंतु एक प्रश्न त्या संतापात मागे राहिला. आपल्या तालुक्यात गेल्या महिन्याभरात खरोखर किती मुले पळवली गेली, किती घरे फुटली, हे त्या गावकऱ्यांना अधिकृतपणे कोणी कधी सांगितले होते काय?

याचे उत्तर नकारार्थी आहे, आणि ते केवळ या दोन गावांपुरते नाही. २०२४च्या पावसाळ्यात मराठवाड्यात आणि पुणे जिल्ह्यात रात्री आकाशात ड्रोन दिसू लागल्याच्या वार्तांनी गावेच्या गावे जागी राहिली. चोर ड्रोनने घरांची टेहळणी करतात, असा समज पसरला. शहरात तरी निराळे काय घडते? शेजारच्या इमारतीत घरफोडी झाली, तर तिची खबर आपल्याला पोलीस ठाण्याकडून मिळत नाही. ती दूधवाल्याकडून, वाहनतळावरील गप्पांतून किंवा तिखटमीठ लावलेल्या मोबाइल संदेशातून मिळते. जेथे अधिकृत माहितीचा दुष्काळ असतो, तेथे अफवेचे पीक जोमाने येते. म्हणूनच आपल्या वस्तीतील गुन्ह्यांची आणि त्यांच्या तपासाची नियमित, लेखी आणि मराठीतील माहिती मिळणे हा नागरिकांचा हक्क आहे, आणि ती देणे हे पोलीस ठाण्याचे दैनंदिन कर्तव्य मानले गेले पाहिजे.

परंपरा काय सांगते?

ही मागणी पाश्चात्त्यांकडून उसनी आणलेली नाही. इंग्लंड आणि वेल्समध्ये २०११ पासून रस्तानिहाय गुन्ह्यांचे नकाशे जनतेसाठी खुले झाले, हे खरे. पण सुरक्षेचा हिशेब वस्तीच्या पातळीवर ठेवण्याचा विचार या भूमीत फार जुना आहे. कौटिल्याच्या अर्थशास्त्रात नगराचा कारभार 'नागरिक' या अधिकाऱ्याकडे सोपवला आहे. त्याच्या हाताखाली नगराच्या चौथ्या भागासाठी 'स्थानिक' आणि दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांसाठी 'गोप' असे. आपल्या वाट्याच्या घरांची बारकाईने माहिती ठेवणे हे गोपाचे काम होते. त्याहून महत्त्वाची बाब पुढेच आहे. चोरीस गेलेला माल परत मिळवून देता आला नाही, तर राजाने आपल्या कोषातून प्रजेची भरपाई करावी, असा दंडक अर्थशास्त्राने आणि याज्ञवल्क्य स्मृतीनेही घालून दिला आहे. राजा कर घेतो तो रक्षणासाठी, आणि रक्षण झाले नाही तर त्याचे उत्तर त्याने द्यावे, असे हे सरळ तत्त्व आहे. आज राज्याच्या तिजोरीतून भरपाई मागण्याचे कारण नाही. पण निदान हिशेब तरी मिळावा की नाही?

महाराष्ट्रातही ही व्यवस्था अपरिचित नव्हती. पेशवाईच्या अस्तानंतर माउंटस्टुअर्ट एल्फिन्स्टन याने १८१९ मध्ये जो अहवाल सादर केला, त्यात गावच्या बंदोबस्ताची जबाबदारी पाटलाकडे कशी असे, याचे वर्णन आहे. चोराच्या पावलांचा माग काढीत गावचा राखणदार शेजारच्या गावाच्या शिवेपर्यंत जाई आणि तेथून पुढचा माग काढण्याचे दायित्व त्या गावावर येई. चोरी ही सबंध गावाला ठाऊक असलेली आणि गावाने मिळून निस्तरायची गोष्ट होती. या व्यवस्थेत सारे आदर्शच होते, असे म्हणण्याचे कारण नाही. राखणीचा भार ठरावीक जातींवरच टाकलेला असे, आणि पुढे इंग्रजांनी तर अनेक जमातींनाच १८७१च्या कायद्याने जन्मजात गुन्हेगार ठरवले. सोलापूरच्या काटेरी तारांच्या कुंपणामागे पिढ्या कोंडल्या गेल्या. तो कायदा १९५२ मध्ये रद्द झाला; पण मनातला संशय मात्र रद्द झाला नाही, हे राईनपाड्याने पुन्हा एकदा दाखवून दिले.

माहितीचा प्रवाह उलटा का?

१८५७च्या स्वातंत्र्यसमरानंतर इंग्रजांनी १८६१ मध्ये पोलीस कायदा केला. प्रजेवर लक्ष ठेवून सरकारला खबर देणे हा त्या यंत्रणेचा गाभा होता. साहजिकच माहिती खालून वर जाई, वरून खाली येत नसे. स्वातंत्र्यानंतर कायद्यांची नावे बदलली. मुंबई पोलीस अधिनियम, १९५१ हा आता महाराष्ट्र पोलीस अधिनियम म्हणून ओळखला जातो. पण माहितीच्या प्रवाहाची दिशा तीच राहिली. ठाण्यातून अधीक्षक वा आयुक्त कार्यालयात, तेथून गृहखात्यात आणि अखेर दिल्लीला राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागात आकडे जातात. त्या विभागाचा २०२२ या वर्षाचा अहवाल डिसेंबर २०२३ मध्ये प्रसिद्ध झाला. राज्यांची आणि महानगरांची तुलना करण्यासाठी तो निश्चितच उपयुक्त आहे. पण कोथरूडच्या एखाद्या गल्लीत राहणाऱ्या आजींना संध्याकाळी देवळात जाताना मंगळसूत्र सांभाळावे की नाही, हे त्यातून कसे कळणार?

कायद्याने अलीकडे काही दारे उघडली आहेत, हे मान्य केले पाहिजे. दखलपात्र गुन्ह्याची खबर मिळताच ती नोंदवणे बंधनकारक आहे, असे सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने २०१३ मध्ये ललिता कुमारी प्रकरणात निःसंदिग्धपणे सांगितले. २०१६ मध्ये त्याच न्यायालयाने प्रथम खबरी अहवाल चोवीस तासांच्या आत संकेतस्थळावर ठेवण्याचा आदेश दिला. लैंगिक अत्याचार, दहशतवाद यांसारखी संवेदनशील प्रकरणे त्यातून वगळली. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेनुसार गुन्हा कोणत्याही ठाण्यात नोंदवता येतो, आणि तपासाची प्रगती नव्वद दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे पोलिसांवर बंधनकारक आहे. भारतीय न्याय संहितेत हिसकावून केलेल्या चोरीला प्रथमच स्वतंत्र गुन्ह्याचे स्थान मिळाले. सोनसाखळी चोरीने त्रस्त झालेल्या शहरांसाठी ही स्वागतार्ह गोष्ट आहे.

तरीही उणीव उरतेच. हा हक्क फिर्यादीचा आहे, वस्तीचा नाही. संकेतस्थळावरील एकेक अहवाल उघडून, त्यातील सरकारी भाषा उलगडून आपल्या वॉर्डाचे चित्र जुळवण्याची अपेक्षा सामान्य गृहस्थाकडून कशी करावी? कच्चा माल बाजारात आला म्हणजे घरात जेवण तयार झाले, असे होत नाही.

आकड्यांचे भय

ठाणी असा हिशेब देण्यास कचरतात, याचे एक कारण आकड्यांचे भय हे आहे. हद्दीतील गुन्हे वाढलेले दिसले की वरिष्ठ निरीक्षकाची कानउघाडणी होते, विधिमंडळात प्रश्न विचारले जातात, वृत्तपत्रे मथळे सजवतात. मग आकडा कमी ठेवण्याचा सोपा मार्ग शोधला जातो. खिशातून मारलेला मोबाइल 'गहाळ' म्हणून नोंदवला जातो, मारहाणीची तक्रार अदखलपात्र ठरते, आणि तक्रारदाराला 'उद्या या' असे सांगितले जाते. कागदावर शांतता नांदते आणि रस्त्यावर चोर मोकळा फिरतो. जेथे नोंद प्रामाणिक होते, त्या ठाण्याचे आकडे प्रारंभी वाढणारच. ती वाढ अपयशाची नव्हे, सचोटीची खूण असू शकते, हे लोकप्रतिनिधींनी, पत्रकारांनी आणि आपणही समजून घेतले पाहिजे. खरे सांगणाऱ्या अधिकाऱ्याला आपणच शिक्षा करू लागलो, तर खरे कोण सांगणार?

पोलिसांवर सरसकट दोषारोप करणे हा या लेखाचा हेतू नाही. २६ नोव्हेंबर २००८च्या रात्री गिरगाव चौपाटीवर गोळ्या अंगावर झेलून कसाबला जिवंत पकडून देणारे हुतात्मा तुकाराम ओंबळे हे अशाच एका ठाण्याचे सहायक पोलीस उपनिरीक्षक होते. सणांचा बंदोबस्त, मोर्चे, न्यायालयाच्या तारखा, अतिमहनीयांचे दौरे या साऱ्यांतून उरलेल्या वेळात तपास करायचा, ही त्यांची अवस्था आपण जाणतो. पण म्हणूनच समाजाची साथ त्यांना अधिक हवी आहे, आणि ज्याला काही सांगितलेच जात नाही तो साथ तरी कशी देणार?

विश्वासाने काय साधते, याचे उदाहरण महाराष्ट्रातच आहे. १९८४च्या भीषण दंगलीने होरपळलेल्या भिवंडीत १९८८ पासून तत्कालीन पोलीस उपायुक्त सुरेश खोपडे यांनी मोहल्ला समित्यांची बांधणी केली. बीटवरचा साधा हवालदार आणि गल्लीतील रहिवासी यांची नियमित बैठक, हा त्या प्रयोगाचा कणा होता. १९९२-९३ मध्ये मुंबई पेटली तेव्हा भिवंडी शांत राहिली. अफवा उठली की कोणाला विचारायचे हे लोकांना ठाऊक होते, हे त्यामागचे एक मोठे कारण. आज बहुतेक ठिकाणी शांतता समितीची बैठक गणेशोत्सव किंवा ईद जवळ आली की होते. चहापान होते, छायाचित्र निघते आणि पुढल्या सणापर्यंत सारे थंडावते.

काय करता येईल?

उपाय खर्चिक नाही. महाराष्ट्राच्या चौकाचौकांत वार्ताफलक आहेत. गणेश मंडळे, वाचनालये, देवळे, गृहनिर्माण संस्था, ग्रामपंचायती या सर्वांकडे फलक असतात. प्रत्येक ठाण्याने दर महिन्याच्या पहिल्या आठवड्यात एक पानाचा हिशेब या फलकांसाठी द्यावा. त्यात हद्दीत किती घरफोड्या, वाहनचोऱ्या, सोनसाखळी चोऱ्या नोंदल्या गेल्या, त्या साधारण कोणत्या भागात आणि कोणत्या वेळी झाल्या, किती उघडकीस आल्या आणि किती मुद्देमाल मूळ मालकांना परत दिला, एवढे असावे. बीट अंमलदाराचे नाव आणि ठाण्याचा दूरध्वनी असावा. फसवणुकीच्या नव्या क्लृप्त्यांची सूचना असावी. पोलीस असल्याची बतावणी करून वृद्धांना दागिने काढून ठेवायला लावणारे भामटे अजून फिरत आहेत. 'डिजिटल अटक' नावाची कोणतीही गोष्ट कायद्यात नाही आणि सायबर फसवणूक होताच १९३० या क्रमांकावर कळवावे, हे अजून घराघरांत पोहोचलेले नाही. आणि सर्वांत शेवटी एक ओळ असावी: या महिन्यात पसरलेली अमुक अफवा खोटी आहे. ती एक ओळ एखाद्या भिक्षेकऱ्याचा, एखाद्या साधूचा प्राण वाचवू शकते.

यात काही पथ्ये कटाक्षाने पाळावी लागतील. पीडितांची ओळख उघड होता कामा नये. अल्पवयीनांची तर कायद्यानेच उघड करता येत नाही. संशयितांची नावे, त्यांची जात किंवा जमात यांचा उल्लेख नको. नाहीतर हा फलकच पारधी पालावर दगड टाकण्याचे निमित्त ठरेल. यमगरवाडीसारख्या प्रकल्पांतून भटक्या-विमुक्तांच्या मुलांना शाळेच्या बाकावर आणण्यासाठी कार्यकर्त्यांनी आयुष्ये वेचली. ते काम एका बेजबाबदार ओळीने मातीत जाऊ नये. तपासाला बाध येईल असा तपशील अर्थातच राखून ठेवावा. अशा माहितीने लोक घाबरतील, असा आक्षेप काही जण घेतील. अनुभव उलट आहे. माणूस अंधाराला भितो. समोर काय आहे हे दिसू लागले की तो सावध होतो.

ग्रामीण भागात पोलीस पाटील हे पद १९६७च्या ग्राम पोलीस अधिनियमाने टिकवले आहे आणि ग्रामसुरक्षा दलांचीही सोय कायद्यात आहे. नाशिक, पुणे आदी जिल्ह्यांतील कित्येक गावांत एका दूरध्वनीवर सबंध गावाला सावध करणारी यंत्रणा वापरात आहे. शहरांत मात्र शेजारी कोण राहतो हेच ठाऊक नसते. तेथे मंडळांनी आणि गृहनिर्माण संस्थांनी पुढाकार घ्यावा. वर्षातून दहा दिवस रात्री जागणारे तरुण उरलेल्या वर्षात महिन्यातून एक तास बीट अंमलदारासोबत बसू शकणार नाहीत काय? मात्र जागता पहारा म्हणजे हातात काठी घेऊन अनोळखी माणसाचा निवाडा करणे नव्हे. संशय आला तर ११२ वर कळवावे आणि त्या माणसाला सुखरूप पोलिसांच्या स्वाधीन करावे, इतकीच नागरिकाची मर्यादा आहे.

येत्या २ जानेवारीला महाराष्ट्र पोलीस स्थापना दिनाच्या सप्ताहात ठाण्यांची दारे नागरिकांसाठी उघडतील. शाळकरी मुले शस्त्रे पाहतील, श्वानपथकाच्या कसरती होतील. त्या दिवशी आपापल्या भागातील पाच-दहा जबाबदार नागरिकांनी वरिष्ठ निरीक्षकांना भेटून नम्रपणे एकच मागणी करावी: साहेब, दरमहा एक पान द्या, फलक आमचा आणि ते लावण्याची जबाबदारीही आमची. समाज संघटित आणि सजग असेल, तरच शासन तत्पर राहते. राईनपाडा आणि गडचिंचले येथे गेलेले जीव परत येणार नाहीत. पण पुढची अफवा आपल्या गावाच्या वेशीवर येईल तेव्हा तिला अडवणारा एक खरा, सही-शिक्क्याचा कागद तेथे लावलेला असावा, एवढे तर आपल्या हाती आहे.