अटकेची कारणे लेखी द्या, आणि मराठीत द्या



रात्रीच्या नाकाबंदीत दुचाकी थांबवली, लायसन्स पाहिले, डिकी उघडायला लावली, इथवर कुणी कुरकुर करू नये. पण पुढे ‘मोबाइल उघड, व्हॉट्सअॅप दाखव’ असे फर्मान सुटते आणि पोराने ‘कशासाठी?’ विचारले की ‘चल ठाण्यात’. घरचे धावत येतात तेव्हा उत्तर ठरलेले: ‘अटक नाही, चौकशीसाठी आणलंय.’ नोटीस नाही, स्टेशन डायरीत नोंद नाही. मग चोवीस तास मोजायचे कधीपासून?

माझा आक्षेप या बिननोंदीच्या तासांना आहे. अटकेची कारणे सांगा, वकिलाला भेटू द्या, चोवीस तासांत न्यायदंडाधिकाऱ्यांपुढे उभे करा, असे राज्यघटनेचा अनुच्छेद 22 बजावतो. ही तरतूद डॉ. आंबेडकरांनी सप्टेंबर 1949 मध्ये मुद्दाम मसुद्यात घातली. व्यक्तिस्वातंत्र्याचे कलम लंगडे राहिले, या टीकेनंतर. चौकशीच करायची तर नव्या नागरिक सुरक्षा संहितेत लेखी नोटिशीची सोय आहे: संशयितासाठी कलम 35, साक्षीदारासाठी 179. साक्षीदार स्त्री असेल किंवा साठी उलटलेला पुरुष असेल, तर पोलिसांनीच तिच्या-त्याच्या घरी जायचे.

आमच्या नागपुरातच जून 1993 मध्ये लुटीच्या संशयावरून एका माणसाला मध्यरात्री घरातून उचलले, मारहाण केली आणि तो कोठडीत मेला. दोषी पोलिसांची तीन वर्षांची शिक्षा सर्वोच्च न्यायालयाने सात वर्षांवर नेली, ती सप्टेंबर 2018 मध्ये. पंचवीस वर्षे! त्या घराने ती कशी काढली असतील?

‘कायद्याचा असा कीस काढला तर गुंड मोकाट सुटतील,’ हे नेहमी ऐकू येते. उलट आहे. 6 नोव्हेंबर 2025 रोजी मुंबईतल्याच एका प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने ठरवून दिले की, गुन्हा कोणताही असो, अटकेची कारणे आरोपीला समजणाऱ्या भाषेत लेखी द्यायची. लगेच शक्य नसेल तर तोंडी सांगून, रिमांडसाठी हजर करण्याच्या किमान दोन तास आधी कागद हाती द्यायचा. नाही दिला तर अटक आणि रिमांड दोन्ही बेकायदा, आरोपी सुटायला मोकळा. म्हणजे कागद न देणारा ठाणेदारच गुंडाच्या वकिलाचे काम सोपे करतो. हवालदारांवर कामाचा बोजा आहे, बंदोबस्तात त्यांची झोप उडते, हे मान्य; पण छापील नमुन्यातले एक पान भरायला कितीसा वेळ लागतो?

पोलीस आयुक्तांकडे मागणी एवढीच. ठाण्यात आणलेल्या प्रत्येकाचे नाव आणि आणल्याची वेळ त्याच क्षणी डायरीत चढवा, अटक म्हणा वा चौकशी. कारणांचा कागद साध्या मराठीत द्या, हिंदी भाषकाला हिंदीत. कलमांचे नुसते आकडे नकोत. नाकाबंदीवर मोबाइल चाळणे बंद करा, 2017 पासून खासगीपणा हा मूलभूत हक्क आहे. आणि ठाण्यात चित्रीकरण करणाऱ्या नातेवाइकाला शासकीय गोपनीयता कायद्याची भीती घालू नका. पोलीस ठाणे त्या कायद्याखालचे निषिद्ध ठिकाण नाही, हे 2022 मध्ये उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठानेच सांगितले आहे. त्या निकालाची प्रत शहरातल्या प्रत्येक ठाण्याच्या दर्शनी भिंतीवर लावावी.

– एक वाचक, नागपूर