वराहाकडे पाहून हसण्याआधी

खुलताबादला जियारतीला जाणारी आपली कितीतरी कुटुंबं जवळची वेरूळची लेणी न पाहताच परततात. शाळेची सहल तिकडे निघाली तर काही पालक विचारतात, "सर, बुतं बघून मुलं काय शिकणार?" त्यात वराहाचं नाव निघालं की वर्गात हशा पिकतो. आपल्याकडे डुक्कर हराम, आणि इथे तो देव!

हा हशा मला खटकतो. १४ क्रमांकाच्या लेण्यातला वराह पाहा. धड माणसाचं, मुख वराहाचं, आणि बुडालेली पृथ्वी त्याने वर उचललेली. सुळ्याने जमीन उकरणाऱ्या रानडुकराची ताकद शिल्पकाराने इथे तारणाऱ्याला दिली. १५ क्रमांकाच्या लेण्यात नरसिंह आहे. हिरण्यकशिपूला वर होता, मरण ना माणसाकडून, ना पशूकडून. कथेतला हा पेच दगडात सोडवायचा, तर सिंहाचं डोकं आणि माणसाचं शरीर हेच उत्तर. रामटेकचा वाकाटककालीन वराह मात्र पूर्ण पशुरूपात आहे. कथा एकच, घडवण्याच्या तऱ्हा वेगळ्या.

उर्दूत मी इस्तिआरा शिकवतो, मराठीत रूपक. हजरत अलींना आपण शेर-ए-खुदा म्हणतो, तेव्हा आयाळ कोणी शोधत नाही. इथे फरक आहेच. भाविकासाठी नरसिंह हा अलंकार नव्हे, साक्षात देव आहे. आपल्या तौहीदमध्ये अल्लाहला रूप नाही. हा फरक पुसायची गरज नाही. पण समजून घेणं म्हणजे इबादत करणं नव्हे. अल-बिरूनीने सुमारे १०३० साली हिंदुस्थानावर ग्रंथ लिहिला, त्यात वराहमिहिराच्या आधारे मूर्तींची मापंसुद्धा नोंदवली. त्याने त्याचं ईमान डळमळलं नाही. आणि इतर लोक ज्यांना पुकारतात त्यांना अपशब्द बोलू नका, ही ताकीद तर सूरह अल-अनआमच्या १०८व्या आयतीतच आहे.

जुईनगरमध्ये एकाच जिन्यावर गणपतीची आरती आणि मगरिबची अजान दोन्ही ऐकू येतात. शेजाऱ्याने आपली नमाज, आपला रोजा समजून घ्यावा असं आपल्याला वाटतं. मग त्याच्या देवाचं रूप असं का, हे आपल्या मुलांना माहीत नको? सहलीचं संमतीपत्र घरी आलं तर सही करा. मूल परतलं की त्याने काय पाहिलं, तेही विचारा.