वाटेवरच्या बाईचं गाव कोणतं?



भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी आटोपली की धुऱ्याधुऱ्याने उंट येताना दिसतात. उंटावर खाट, गोधड्या, भांडी, त्यातच एखादं लेकरू आणि नुकतं जन्मलेलं कोकरू. उंटाची दोरी धरून काळ्या वस्त्रांतली बाई पुढे चालत असते. हे कच्छचे रबारी. कित्येक कुटुंबं पिढ्यान्‌पिढ्या विदर्भातच फिरत आहेत. पुरुष मेंढ्या घेऊन चराईला जातात. बिऱ्हाड हलवणं, तळ टाकणं, पाणी शोधणं आणि पुन्हा सगळं उंटावर लादणं हे काम बाईचं.

याच बायकांच्या भरतकामाचे फोटो काढायला लोक हौसेने कच्छच्या रणात जातात. वाळवंटातली सफर, वाटेत मनाला येईल तिथे थांबणं, याचं त्यांना मोठं अप्रूप. पण तीच बाई आपल्या बांधीत उतरली की आपण विचारतो, "कुठल्या तुम्ही? किती दिवस राहणार?"

तिचे मुक्काम आणि तिच्या वाटेची वळणं हौसेची नाहीत. पूर्वी कापणीनंतर बांध्या मोकळ्या असत. मेंढ्या बसवल्या की शेताला लेंडीखत मिळे आणि त्या बदल्यात धान्य किंवा पैसे मिळत. आता जिथे कालव्याचं पाणी पोचलं तिथे उन्हाळी धान उभं असतं. गोसेखुर्दच्या जलाशयाखाली नदीकाठची जमीन गेली. अभयारण्यात चराईला बंदी आहे आणि महामार्गावर कळप घेऊन चालणं म्हणजे जिवाशी खेळ. यातला एकही निर्णय तिला विचारून झाला नाही. पण वाट वाकडी होते ती तिची, आणि चार कोस जास्त चालतात ते तिचे पाय.

संशय तर पाचवीलाच पुजलेला. जानेवारी २०२२ मध्ये अमरावती जिल्ह्यात तळेगाव दशासर पोलिसांनी रबारींचे ५८ उंट ताब्यात घेतले. ते कत्तलीसाठी नेले जात असल्याची तक्रार होती. उंट कित्येक दिवस गोरक्षण केंद्रात अडकून पडले. चर्चा झाली ती उंटांची आणि पाच पुरुषांची. ज्यांचं अख्खं घर उंटाच्या पाठीवर असतं, त्या बायकांबद्दल किती जणांनी विचारलं?

म्हणून त्यांच्या समाजात सगळं आलबेल आहे असं नाही. १९९५ मध्ये ढेबरिया रबारींच्या ज्येष्ठांनी बायकांच्या भरतकामावर बंदी घातली. हुंड्यासाठी भरतकाम पुरं होईपर्यंत मुली सासरी जायच्या थांबत, हे त्यामागचं एक कारण. काम बाईचं, सुई बाईची, निर्णय मात्र पुरुषांचा! ही गोष्ट आपल्याला परकी आहे का?

परकी नाहीच. आपल्याही बायका रोवणीला टेम्पोत बसून परगावी जातात, तेंदूपानासाठी रानात मुक्काम करतात. तिथे त्यांचंही नाव कुठल्या यादीत नसतं. आपल्या योजना, आपली कार्यालयं आणि खरं सांगायचं तर आपली महिला मंडळंही एका गावात राहणारी बाई धरूनच आखलेली आहेत.

कायद्याने मात्र थोडी वाट मोकळी केली आहे. कौटुंबिक हिंसाचारविरोधी कायदा २००५ चा. त्याच्या कलम २७ नुसार बाई तात्पुरती जिथे राहते, तिथल्या न्यायदंडाधिकाऱ्याकडेही दाद मागू शकते. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ प्रमाणे, गंभीर गुन्हा कुठल्याही हद्दीत घडलेला असो, पोलिसांना तक्रार नोंदवून घ्यावी लागते. परराज्यातल्या रेशनकार्डावर धान्य मिळण्याची सोय २०२२ पर्यंत सर्व राज्यांत झाली. पण हे तळावरच्या बाईला सांगणार कोण?

हे काम आपलं आहे. यंदा गावाच्या शिवारात तळ पडला की मंडळाच्या दोघी-तिघींनी तिथे जावं. कागद मागू नयेत. कोणी गरोदर आहे का, लेकरांना लस टोचली का, हातपंपावर कोणी हटकतं का, एवढं विचारावं. आशाताईंना आणि अंगणवाडीताईंना सोबत न्यावं. पुढचा मुक्काम कुठे ते विचारून त्या गावच्या मैत्रिणींना निरोप धाडावा. भंडारा, पवनी, लाखनी, साकोली, सगळीकडे आपल्या ओळखी आहेत. त्या ओळखी तिच्या वाटेवर कामी आल्या, तर दर मुक्कामाला तिला परकेपणापासून सुरुवात करावी लागणार नाही.