भुंगेऱ्याचे नाव आणि गाव



कपाशीत ढेकूळ उलटले की एखादा चिमुकला काळा, चकचकीत भुंगेरा तुरुतुरु पळतो. दुकानात विचारले तर उत्तर ठरलेले, औषध मारा. किड्याचे नाव कळण्याची गरज विकणाऱ्याला नाही, आम्हाला आहे. हिरवी बोंडअळी कोषात जायला मातीत उतरते, आणि या कुळातले बरेच भुंगेरे मातीतल्या अळ्या, कोष, अंडी खाऊन जगतात.

कूळ ओळखणे अवघड नाही. हुमणीच्या भुंगेऱ्याच्या मिशा टोकाला पंख्यासारख्या उघडतात, याच्या दोऱ्यासारख्या. पाय लांब, जबडा पुढे आलेला, पाठीवर बहुधा उभ्या बारीक रेघा. कुजका पाचोळा खाणारा एक काळा भुंगेरा असाच दिसतो, पण तो सावकाश चालतो. भिंगातून त्याच्या मागच्या पावलाला चार पेरे दिसतात. याच्या सहाही पावलांना पाच.

नेमकी जात सांगणे मात्र तज्ज्ञाचे काम. वनखात्यातल्या अँड्र्यूज साहेबाने १९२९ आणि १९३५ साली या कुळावर दोन ग्रंथ लिहिले, अर्थात इंग्रजीत. शिवाय गावाशिवाय नाव अपुरे. दापोलीच्या कृषी विद्यापीठाजवळ बुरोंडी आहे. तिथे समुद्र, जांभा, वर्षाला तीन हजार मिलिमीटरवर पाऊस. तिथल्या ओल्या कपारीतला भुंगेरा आपल्या भेगाळ काळ्या रानात असेलच असे नाही. दिसतो सारखा म्हणून तिकडचा सल्ला इकडे लावणे म्हणजे भाताचे वेळापत्रक ज्वारीला लावणे. राज्यातल्या चारही कृषी विद्यापीठांनी आपापल्या पट्ट्यातल्या भुंगेऱ्यांची सचित्र मराठी पुस्तिका गावोगाव पोहोचवावी, ही आमची मागणी आहे.

२०१७ साली यवतमाळ जिल्ह्यात फवारणीच्या विषबाधेने वीसेक शेतकरी-शेतमजूर दगावले. मास्क आणि हातमोज्यांवर खूप बोलले गेले. एवढे फवारावे का लागते, यावर फारच थोडे.

आपल्याही हातात काही आहे. हे भुंगेरे धुऱ्यावरच्या गवतात, दगडाखाली दडतात. गुलाबी बोंडअळीसाठी पऱ्हाटी वेळेवर शेताबाहेर काढावीच. धुरा पेटवायचे कारण नाही.

पुढच्या बैठकीआधी एक करा. एक प्लॅस्टिकचा पेला धुऱ्याजवळ आणि एक शेताच्या मध्यावर, काठ जमिनीला समतल ठेवून संध्याकाळी पुरा. सकाळी पडलेले किडे वेगवेगळ्या बाटल्यांत घ्या. सोबत चिठ्ठी हवी: गाव, पीक, तारीख, जागा, शेवटची फवारणी कधी आणि कशाची.