द्राक्षाची वाइन आणि मोहाचा गुन्हा

शनिवार उजाडला की मुंबई-पुण्याच्या मोटारी नाशिकच्या गंगापूर रस्त्याला लागतात. धरणाच्या पाण्याकाठी द्राक्षमळे, मळ्यातच वाइनरी, तिथे चव घेण्याचे दालन, मुक्कामाला रिसॉर्ट. सकाळी बोट क्लब, नाहीतर रामशेजची चढण. नाशिक ही देशाची 'वाइन राजधानी' असल्याचे जाहिरातीत सांगितले जाते आणि 'नाशिक व्हॅली वाइन' या नावाला भौगोलिक मानांकनही मिळाले आहे. जोडीला 'आदिवासी लोककला' असतेच. भिंतीवर वारली चित्र, शोभेला बोहाड्याचा मुखवटा.

पर्यटकांनी फिरावे, आमची हरकत नाही. पण भिंतीवरच्या चित्रातली माणसे प्रत्यक्षात कुठे आहेत, हे त्याच रस्त्याने थोडे पुढे जाऊन पाहावे. गिरणारे गावात सकाळी मजुरांचा बाजार भरतो. पेठ, हरसूल, त्र्यंबककडचे कोकणा, वारली, महादेव कोळी स्त्रीपुरुष डबा घेऊन उभे असतात. बागायतदार येतो, रोज ठरतो, टोळी गाडीत बसते. ऑक्टोबरची छाटणी, मग विरळणी, औषधाच्या पाण्यात घड बुडवणे आणि शेवटी काढणी. नाशिकची बहुतेक द्राक्षे खाण्याची, वाइनची त्या मानाने थोडी. पण राबणारे हात तेच. काढणीच्या मोसमात हौशी पाहुणा पैसे भरून टबात उतरतो आणि पायांनी द्राक्षे तुडवून फोटो काढून घेतो. ती द्राक्षे तोडणारी बाई तेव्हा दिवसभराचा रोज मोजत असते.

आमचा मुद्दा मात्र मजुरीपुरता नाही, कायद्याचा आहे.

२००१ साली महाराष्ट्र शासनाने द्राक्षप्रक्रिया उद्योगाचे धोरण आणले. वाइनला दहा वर्षे उत्पादन शुल्क माफ केले, विंचूर आणि पलूसला वाइन पार्क उभारले. २०२२ च्या जानेवारीत मंत्रिमंडळाने मोठ्या किराणा दुकानांतून वाइन विकण्याचा निर्णय घेतला. विरोध झाला, तो अमलात आला नाही. पण त्या वादात 'वाइन म्हणजे दारू नव्हे, ती शेतकऱ्याच्या हिताची आहे', असा युक्तिवाद महाराष्ट्राने ऐकला.

आता दुसरी बाजू पाहा. मोहाचे झाड आदिवासींचे. फूल त्यांनी वेचायचे, वाळवायचे, खायचे आणि त्याची दारूही गाळायची. देवाला, पितरांना मोहाची धार दिल्याशिवाय कित्येक पाड्यांवर कार्य होत नाही. या फुलांवर १८९२ साली मुंबई इलाख्यात इंग्रजांनी स्वतंत्र कायदा केला. इंग्रज गेले, १९४९ चा दारूबंदी कायदा आला आणि त्याखाली मोहाच्या फुलांसाठी पुन्हा वेगळे नियम झाले. स्वतःच्या झाडाखालचे फूल किती बाळगायचे हे सरकार ठरवू लागले. फुलांवरचे हे निर्बंध २०२१ साली शिथिल झाले. पण फूल गाळले की कलम ६५ तयारच. वकिलीच्या धंद्यात आम्ही हे खटले पाहतो. प्लास्टिकचा कॅन, थोडे रसायन, पंच ठरलेले, आरोपी बहुधा बाई. ती वकील लावत नाही. तारखेचा रोज बुडतो म्हणून गुन्हा कबूल करते, दंड भरते आणि गुन्हेगार म्हणून नोंदली जाते.

द्राक्ष आंबवले तर उद्योग आणि मोह आंबवला तर गुन्हा, हा फरक कोणत्या तत्त्वावर केला? वाइन आंबवलेली आणि मोहाची दारू ऊर्ध्वपातित, असे उत्तर कोणी देईल. मग ब्रँडी आणि व्हिस्कीसुद्धा गाळलेलीच. त्यांच्या कारखान्यांना परवाने कसे मिळतात? या कायद्याला आव्हान देणारा बलसारा खटला १९५१ साली सर्वोच्च न्यायालयात गेला, तेव्हा लष्कराला आणि परदेशी पाहुण्यांना दिलेल्या सवलती न्यायालयाने समतेच्या कलमात बसतात असे ठरवले. पाड्यावरच्या माणसाची बाजू मांडायला मात्र तिथे कोणी नव्हते. मध्य प्रदेश सरकारने २०२१ साली मोहाच्या दारूला 'हेरिटेज' दारू म्हणून मान्यता देण्याचे जाहीर केले. इथे वारसा फक्त भिंतीवर टांगायचा.

कोणी गैरसमज करून घेऊ नये. आम्ही बौद्ध आहोत, पाचवे शील आम्ही रोज म्हणतो, आणि दारूने आमच्या वस्त्यांचे काय केले हे आम्हांला दुसऱ्याने सांगायला नको. आम्ही वाइनचेही वकील नाही आणि मोहाचेही नाही. बंदी घालायची तर सर्वांना घाला, संविधानाच्या ४७ व्या कलमात तसे मार्गदर्शक तत्त्व आहेच. परवानगी द्यायची तर १९९६ चा पेसा कायदा वाचा. पेठ, सुरगाणा, कळवण हे तालुके अनुसूचित क्षेत्रात आहेत, दिंडोरीतली कित्येक गावेही. मादक पदार्थांवर बंदी घालण्याचा वा नियमन करण्याचा अधिकार आणि गौण वनोपजाची मालकी ग्रामसभेला असावी, असे तो कायदा सांगतो. पाड्यावरच्या बायाच ग्रामसभेत बसून बंदी घालतील, तर आम्ही त्यांच्या बाजूने उभे राहू. निर्णय त्यांचा हवा, हवालदाराचा नव्हे.

वाइनचा हा दिंडोरी तालुका आंबेडकरी माणसाला दुसऱ्या कारणाने ठाऊक असतो. काळाराम मंदिर सत्याग्रहाचे सेनानी कर्मवीर दादासाहेब गायकवाड इथल्या आंबे गावचे. त्याच दादासाहेबांनी १९५९ आणि १९६४ साली भूमिहीनांचे सत्याग्रह उभे केले, हजारोंनी तुरुंग भरले. प्रश्न जमिनीचा होता आणि तो संपलेला नाही. वनजमिनीच्या पट्ट्यांसाठी २०१८ च्या मार्चमध्ये आदिवासी शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत पायी चालत गेले. २०२३ साली पुन्हा दिंडोरीहूनच निघाले. पर्यटन नकाशात यांतले काही नसते. दोन हजार वर्षांपूर्वीची त्रिरश्मी बुद्ध लेणी त्या नकाशात असतात, पण 'पांडव लेणी' या नावाने!

या जिल्ह्याच्या आमदारांनी विधानसभेत निदान एक तारांकित प्रश्न लावावा. गेल्या दहा वर्षांत नाशिकच्या अनुसूचित क्षेत्रात कलम ६५ खाली किती गुन्हे नोंदले, त्यांत आदिवासी किती, स्त्रिया किती, आणि त्याच काळात वाइन उद्योगाला कराची सूट व परतावा म्हणून शासनाने किती रुपये दिले? दोन्ही आकडे एकाच उत्तरात, शेजारी शेजारी हवेत.